मोठ्यानं विचार करा

मी त्याला नियम सांगितला:
मनात येईल ते बोलत राहा.
चूक तुमची नसते, स्क्रीनची असते.
हे वाक्य मी आजवर दोनेकशे माणसांना ऐकवलंय,
आणि तरी प्रत्येकानं शेवटी माफी मागितलीय.

एंडेलनं मागितली नाही.
हिऊमा बेटावरच्या ग्रंथालयात,
मुलांच्या कोपऱ्यातल्या बुटक्या खुर्चीवर
गुडघे छातीशी घेऊन तो बसला होता,
आणि फोन असा धरला होता
जसा अनोळखी मासा धरावा,
काटा कुठल्या बाजूला आहे ठाऊक नसताना.

माझ्या वहीत दहा मिनिटांची नोंद:
गप्प. गप्प. बोट वर गेलं, परत आलं.
खिडकीकडे पाहिलं.
मी विचारलं, आत्ता मनात काय चाललंय?
तो म्हणाला, वारा फिरला.

तालिनच्या ऑफिसात, भिंतीवर,
पिवळ्या चिठ्ठ्यांमध्ये आमचाही एक कोळी होता:
वय बावन्न, छंद वाचन
(हे कुणी लिहिलं देव जाणे),
तंत्रज्ञानाची भीती मध्यम.
त्याच्यासाठी आम्ही सरकारचे सतरा रकाने
चार पानांत बसवले, शांत निळा रंग निवडला.
"समुद्रासारखा," असं सादरीकरणात
मीच म्हटलं होतं.

निघताना एंडेल एवढंच बोलला:
पहाटे चारला धक्क्यावर ये. मोजे जाड घाल.

समुद्र निळा नव्हता.
आधी डांबरासारखा होता, मग राखेसारखा,
आणि मला ओकारी आली तेव्हा
कसा होता ते मी पाहिलं नाही.
जाळं वर आलं. हेरिंगचे खवले
कोटावर, भुवयांवर, फोनच्या काचेवर.
मी माझंच ॲप उघडलं.
हातमोज्यातलं बोट काचेला कळेना.
हातमोजा काढला, तर ओलं बोटही कळेना.
गंजीला पुसून दाबलं, ते "पुढे" सोडून "रद्द"वर पडलं.
भरलेले तीन रकाने गेले.
मी म्हणाले, सॉरी.
कुणाला म्हणाले, कोण जाणे.

आणि एंडेल बोलत होता.
इथे, कुणी विचारलेलं नसताना, अखंड:
ये. अजून ये. फाटलं का? नाही फाटलं.
जरा उजवीकडे, म्हाताऱ्या. सहा झाल्या.
दोर सोड. सोड की रे. हां. सात.
म्हातारा म्हणजे इंजिन की तो स्वतः,
हे विचारायचा धीर मला झाला नाही.
पेटी भरली की सुकाणूजवळच्या फळीवर
मेणखडूची एक रेघ. चार उभ्या, पाचवी आडवी,
तिकडे न बघता, कोपरानं तोल सावरत.
मला वाटलं, सापडलं.
एक पेटी, एक बटण, तळहाताएवढं.
परतीच्या वाटेवर मी ते मनात रंगवूनही टाकलं.

घरी हेल्यूनं, त्याच्या बायकोनं,
काळा पाव आणि धुरी दिलेला मासा समोर ठेवला.
मी उत्साहानं बटणाचं सांगू लागले.
तिनं ऐकून घेतलं, सुरी पुसली.
मग म्हणाली, रेघा तो मारतो.
रात्री फळीवरून त्या मोजते मी.
मंत्रालयाचे सतरा रकाने
गेली अकरा वर्षं मी भरते, या टेबलावर.
काल ग्रंथालयात त्याला कशाला बसवलंत?

एंडेल खिडकीबाहेर बघत मासा सोलत होता.

मी वहीचं नवं पान काढलं. वर लिहिलं: हेल्यू.
वय लिहिलं नाही, छंद लिहिला नाही.
मोठ्यानं विचार करा, असं सांगायला तोंड उघडलं,
तोवर ती सुरूही झाली होती:
हे बघ, तिसऱ्या रकान्यात मासळीचं नाव
लॅटिनमध्ये कशाला हवं, आणि चुकून दाबलं
तर परत फिरायची वाट कुठाय?
बरोबर त्याच बटणावर
एक खवला सुकून घट्ट बसला होता.
तिनं तो नखानं खरवडून काढला,
ताटलीच्या कडेला ठेवला,
आणि म्हणाली, लिही.